पंजाब हवा केंद्र

हवेची टाकी आमच्या अंगणात आली ती अकोटहून, एसटीच्या टपावर बसून. कंडक्टरचं म्हणणं, हे सामान नव्हे, यंत्र आहे, आणि यंत्र टपावर न्यायचा नियम नाही. माझे मेहुणे पंजाबराव यांचं म्हणणं, आत काहीच नाही, नुसता रिकामा डबा आहे, आणि रिकाम्या डब्याला भाडं कसलं. हा वाद अकोटपासून अकोल्यापर्यंत पुरला. स्टँडवर उतरल्यावर दोघांनी एकमेकांच्या बिड्या पेटवल्या आणि टाकी हातगाडीवर चढवायला कंडक्टरनंच हात लावला. चीनच्या लढाईनंतरचा दुसरा उन्हाळा होता. अकोल्याचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून पटत नाही.

मी त्या वेळी बॉयलर तपासणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या फजितीचं मूळ ह्या नोकरीत आहे. आमच्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांना तोटा नव्हता. कारखाना म्हटला की बॉयलर आला, बॉयलर आला की तपासणी आली, आणि तपासणी आली की तिचा रिपोर्ट टाइप करायला मी आलो. बॉयलर मी आतून कधी पाहिला नव्हता. बाहेरून पाहिला तोही लांबून, साहेबांची फाइल काखेत धरून. तरी जठारपेठेत मला सगळे 'बॉयलरवाले' म्हणत, आणि मी कधी नाही म्हटलं नाही.

पंजाबराव म्हणजे माझी बायको ललिता हिचे थोरले भाऊ. राहणार हिवरखेड. मनानं मोठा दिलदार माणूस, पण धंद्याचं आणि त्यांचं जमत नसे. त्यांनी सोडावॉटरचं यंत्र घेतलं, ते गावात कोणी दुसऱ्यांदा सोडा पीत नाही म्हणून विकावं लागलं. मग कोंबड्या पाळल्या, त्या मुंगसानं नेल्या. आता त्यांच्या मनात आलं होतं की अकोल्यात सायकली वाढल्या, रिक्षा वाढल्या, ट्रक तर मोजता येत नाहीत, आणि ह्या सगळ्यांच्या चाकांत हवा लागते. स्टँडजवळच्या निंबाखाली जागा ठरली होती. अकोटच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं सामान लिलावात निघालं, त्यातून ही टाकी, तिच्यावर बसवलेला पंप आणि मोटर असं सगळं त्यांनी उचललं. अक्षय तृतीयेला दुकान उघडायचं, टाकीशेजारी स्टूल टाकून बसायचं आणि जून उजाडला की बायकापोरांना अकोल्याला आणून मुलांना शाळेत घालायचं, असा बेत होता. तोवर टाकी आमच्या अंगणात राहणार होती.

"ह्या खेपेले भावाचं बस्तान बसलं पायजे," ललितानं मला बजावलं. "तुमी मधात काही काढू नका."

मी मधात काही काढणाऱ्यांतला नाही. पण टाकीनंच काढलं.

टाकी म्हणजे म्हशीच्या रेडकाएवढं लोखंडी धूड, चार पायांवर आडवं उभं. घरमालकीण जयवंताबाई यांच्या मीटरवरून तार ओढून पंजाबरावांनी मोटर सुरू केली, तेव्हा जयवंताबाईंच्या देवघरातला विजेचा दिवा मंदावला आणि त्या 'करनी करते का काय कोनी' असं म्हणत बाहेर आल्या. काटा हळूहळू वर चढला. मोटर बंद केली. मग सगळं शांत झाल्यावर ऐकू यायला लागलं की टाकी फुसफुसते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा शून्यावर होता आणि पंजाबराव टाकीच्या पोटाला कान लावून बसले होते.

अशा वेळी शेजारी कुठून येतात ते मला कधी कळलेलं नाही. पहिले आले जानराव. हे रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. त्यांनी घरून दाढीचा ब्रश आणि साबण आणून टाकीच्या पोटाला फेस लावला. खालच्या अंगाला एका जागी बुडबुडे आले. "हे पाहा. गाडीचा ब्रेक हवेवरच चालते. सारी नोकरी हवेतच गेली माही," ते म्हणाले. पुढे मला साहेबांकडून कळलं की रेल्वेच्या ब्रेकच्या नळीत हवा भरत नाहीत, असलेली काढून घेतात. म्हणजे जानरावांचा सगळा अनुभव हवा नसण्याचा होता. पण त्या दिवशी आमच्या अंगणात त्यांच्याइतका अनुभवी दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे त्यांचंच चाललं.

जयवंताबाईंनी गूळ-चुना सुचवला. त्यांच्या मावशीनं रांजण असाच बुजवला होता आणि तो अजून गळत नव्हता. पंजाबरावांनी ताबडतोब गूळ-चुना कालवून भोकावर थापला. त्याला मुंग्या लागल्या, गूळ-चुना वाळेपर्यंत ललिता त्या झटकत बसली. मग मोटर सुरू झाली. काटा निम्म्यावर आला न आला तोच फट् असा आवाज होऊन गूळ-चुन्याची ती वाळकी गोळी सुटली आणि वाकून पाहणाऱ्या जानरावांच्या चष्म्यावर बसली. काच तडकली. जानराव थोडा वेळ एका डोळ्यानं सगळ्यांकडे पाहत राहिले, आणि चुना कमी पडला, एवढंच म्हणून घरी गेले.

मी मात्र घाबरलो. हसण्यासारखं होतं आणि बाकीचे हसलेही, पण मला हसू आलं नाही. बोराएवढ्या गोळीनं काच तडकली, मग एवढं धूडच सुटलं तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि बसला तो उठेना. आमच्या रिपोर्टात एक वाक्य कायम असे. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी दाब पूर्ण उतरवावा, आणि दुरुस्तीनंतर पाण्याच्या दाबानं परीक्षा घेतल्याशिवाय वापरात आणू नये. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं होतं की बोटांना पाठ होतं. डोक्यात ते त्या दिवशी पहिल्यांदा शिरलं.

ऑफिसात जाऊन मी साहेबांना विचारलं, "साहेब, परीक्षा पाण्यानंच का घेतात? हवेनं का नाही?"

साहेब पुण्याकडचे होते. ते सहसा वर न पाहता बोलत. "पाणी दाबलं तरी दबत नाही. त्यामुळे भांडं फुटलं तर पाणी सांडतं आणि प्रकरण मिटतं. हवा दबून बसते. भांडं फुटलं की ती एकदम मोकळी होते, आणि समोर जे असेल ते घेऊन जाते. का? कुणाचा बॉयलर आहे?"

"मेहुण्याची टाकी आहे साहेब. आपल्या ऑफिसातून कोणी पाहून गेलं असतं तर..."

"वाफेची?"

"हवेची."

"मग आपल्या खात्यात येत नाही. आपल्याकडे वाफ."

मी कारखान्यांच्या तपासणीवाल्यांकडे गेलो. त्यांनी विचारलं, कामगार किती? मी म्हटलं, एक मेहुणा. ते म्हणाले, मग हा कारखाना नव्हे. तिथल्या एका भल्या माणसानं सांगितलं की दाबून भरलेल्या वायूचं काम नागपूरचं एक खातं पाहतं. त्यांना ट्रंककॉल केला. पलीकडून विचारलं, वायू कोणता? मी म्हटलं, हवा. ते म्हणाले, साधी हवा आमच्याकडे नसते. सगळेजण सभ्यपणे बोलले आणि सगळ्यांचंच बरोबर होतं. फक्त अंगणातली टाकी कोणाचीच नव्हती.

घरी परत आलो तर अंगणात देवीदास. देवीदासचं वेल्डिंगचं दुकान स्टँडच्या मागे. तो आपली गॅस करायची कार्बाइडची टाकी, नळ्या आणि काळा चष्मा घेऊन आला होता. पंजाबरावांनी त्याच्यासाठी खास मोटर चालवून काटा वर आणून ठेवला होता.

"हवा भरलेली काऊन ठेवली?" मी विचारलं.

"भरलेली पायजे नं जी," देवीदास म्हणाला. "हवा निघते तथीसा फुंकर लागते हाताले. मंग बरोबर त्याच जागी टाका मारतो. रिकाम्या टाकीत कुठं शोधू?"

"आणि जाळ लावल्यावर आतली हवा तापली तर?"

"तापली तं भोकातून निघून जाईन. भोक तं हायच." देवीदासच्या बोलण्यात खोट काढणं कठीण होतं.

मी पंजाबरावांना साहेबांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि देवीदासला म्हणाले, "कर तू चालू." तेव्हा मी एक गोष्ट केली जी माझ्या स्वभावात नाही. मी ऑफिसच्या पांढऱ्या धोतरानिशी टाकीखाली वाकलो आणि तिच्या पोटाखालची तोटी धरली. ती तोटी लिलावाआधी किती वर्षं कोणी उघडली नव्हती ते देव जाणे. ती हलेना. मी दोन्ही हातांनी पिळली. मग ती एकदम फिरली आणि तिच्यातून आधी गंजाचा काळा तेलकट चिखल, मग तसलंच पाणी, आणि मग वारा अशा क्रमानं सगळं माझ्या अंगावर आलं. धोतर, सदरा, तोंड, सगळं. हवा सरेपर्यंत मी तसाच बसून राहिलो, कारण डोळे उघडता येत नव्हते.

"जवाईबुवा," पंजाबराव फार दुःखानं म्हणाले, "सकाळपासून भरली होती मी."

जयवंताबाईंनी त्यांच्या खिडकीतून विचारलं की बॉयलरवाल्यांना काय झालं. ललितानं मला पंचा दिला. ते धोतर पुढे सायकल पुसायला गेलं.

हवा गेली त्याला देवीदासचा इलाज नव्हता. त्यानं टाकी दुकानावर नेली, वरची सगळी भोकं उघडी ठेवून आतलं तेल जाळानं पेटू नये म्हणून ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं काढलं, हे मी समोर उभं राहून करून घेतलं, आणि गळत्या जागेवर पत्र्याचं ठिगळ मारलं. ठिगळ सुरेख होतं. देवीदासनं त्यावर रंगसुद्धा दिला. टाकी परत अंगणात आली. पंजाबरावांनी शेजारी नवं स्टूल मांडलं आणि 'पंजाब हवा केंद्र' अशी पाटी रंगवून भिंतीला टेकवली. आता अक्षय तृतीया तोंडावर आली होती आणि सगळ्यांच्या मते काम झालं होतं.

मी म्हटलं, पाण्याची परीक्षा राहिली.

ह्या वाक्याचा अर्थ कळायला अकोल्याचा उन्हाळा माहीत पाहिजे. आमच्या नळाला पाणी यायचं ते आल्याची बातमी येईपर्यंत जायचं. जयवंताबाईंच्या विहिरीत बादली टेकून कलती करावी लागे, आणि त्या विहिरीवर सगळ्या भाडेकरूंच्या पाळ्या होत्या. अशा दिवसांत मी म्हणत होतो की एक लोखंडी टाकी काठोकाठ पाण्यानं भरायची, कशासाठी, तर ती फुटते का पाहण्यासाठी. जानराव नव्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "हवेच्या टाकीत पानी? उद्या रांजनात हवा भरसान."

ललिता त्यांच्यासारखी थट्टा करत नव्हती. तिनं स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून विचारलं, "माह्या भावाचं काही होऊ लागलं का तुमचा नियम काऊन आडवा येते?"

"त्यांच्याच जिवासाठी सांगून राहिलो."

"त्याचा जीव कावला आता. सोडा गेला, कोंबड्या गेल्या. आता हे बी गेलं तं तो हिवरखेडले तोंड कसं दाखवीन? वहिनीले काय सांगीन?"   त्यानंतर ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलू लागली, म्हणजे जेवा, उठा, आणि तुमचा पंचा तिकडं हाय.

मी मागे हटलो नाही. मी काही धीट माणूस नाही, पण जानरावांच्या चष्म्यावरची ती गोळी मला दिसत राहिली. मी जयवंताबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, पाणी द्यायला हरकत नाही, पण परीक्षा झाली की टाकीतलं पाणी ज्याच्या त्याच्या घागरीत परत आलं पाहिजे. अक्षय तृतीया अगदी जवळ आली होती. घरोघर पितरांच्या नावानं घागर भरायची, पाणी तर सगळ्यांनाच लागणार.

मी प्रामाणिकपणे सांगितलं की टाकीत गंज आहे, आणि पाणी दाबायला मोतीराम माळ्याचा फवारणीचा पंप आणणार आहे, त्याला मोरचूद लागलेलं असतं. सड्याला, भांड्यांना चालेल. पण पितरांच्या घागरीत घालू नका.

"काऊन? पितर तं मेलेच हायेत," जयवंताबाई म्हणाल्या. "त्याइले आता काय होते?"

परीक्षा अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी ठरली. सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून विहीर उपसली आणि टाकी वरच्या भोकातून भरायला घेतली. आत हवा अजिबात राहता कामा नये, हे मला साहेबांकडून कळलं होतं, म्हणून पाणी वरून वाहेपर्यंत मी थांबू दिलं नाही. पाणी टाकीवरून ओघळून मातीत गेलं तेव्हा बायकांच्या रांगेतून जो उसासा निघाला तो मी अजून विसरलेलो नाही. भोक बंद केलं. मोतीरामनं आपला पायानं मारायचा पंप जोडला. मोर्णा नदीच्या काठी तो भाजी आणि फुलं करायचा, पंप मारण्यात त्याचा पाय बसलेला होता.

मी सगळ्यांना भिंतीपाशी जायला सांगितलं. कोणी हललं नाही. बायका आपापल्या घागरी घेऊन टाकीच्या तोटीसमोर रांगेत उभ्या होत्या आणि नंबर सोडायला कोणी तयार नव्हतं. शेवटी मी घागरी तिथंच राहू द्या, नंबर घागरींचा, माणसं मागं सरा, अशी तोड काढली. पंजाबराव मात्र स्टूल टाकीला भिडवून बसले.

"तुम्हीही सरा पंजाबराव."

"माही टाकी हाय. उद्यापासून दिवसभर इथंच तं बसा लागते. आज काय भ्यायचं?"

पाणी आहे, फार तर भिजतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

मोतीराम पाय मारू लागला. काटा चढला. तांबड्या खुणेशी आला. रोजच्या वापरात हवा तिथवरच भरायची होती. देवीदासचं ठिगळ कोरडं ठणठणीत होतं. देवीदासनं त्यावरून बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं. जानराव म्हणाले, "झालं. पास." पंजाबरावांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. दारात उभी राहून ललिता पाहत होती. ती म्हणाली, "झालं न आता? बस करा."

माझ्या मनातही आलं की बस करावं. सगळे खूश होते. पण रिपोर्टात परीक्षेचा दाब रोजच्याच्या दीडपट लिहिलेला असतो. दीडपट म्हणजे दीडपट.

"अजून थोडं," मी म्हणालो.

"थोडं काऊन?" जयवंताबाईंनी विचारलं.

"नियम आहे."

मोतीरामनं माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पाय मारला. काटा तांबडी खूण ओलांडून थोडासाच पुढे गेला असेल. जुनं कापड फाटावं तसा आवाज झाला. ठिगळापासून वीतभर अंतरावर, पंजाबरावांच्या बाजूनं, टाकीचं पोट लांबच्या लांब उकललं आणि पाण्याचा लोट त्यांच्या नडग्यांवर बसला. स्टूल सरकलं. पंजाबराव चिखलात बसले. सगळी विहीर अंगणातून वाहत गटाराकडे गेली, आणि वाटेत घागरी होत्या त्या तिनं बाजूला ढकलल्या. एकीतही पाणी गेलं नाही.

 मग जयवंताबाई म्हणाल्या, "आन् आमचं पानी?"

देवीदास खाली वाकला, त्यानं ठिगळ पुसलं, वरचा रंग पाहिला. "हे पाहा," तो म्हणाला, "टाकी फाटली, पन ठिगळ जसंच्या तसं हाय. माहं काम पक्कं असते."

पंजाबराव चिखलातून उठले नाहीत. "जवाईबुवा," ते म्हणाले, "चांगली होती. तुमी मारली." ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. मी दाराकडे पाहिलं तर ललिता आत निघून गेली होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच हकीकत पसरली. टाकी उत्तम होती, बॉयलरवाल्यांनी पाणी घालून फोडली. जानरावांनी तीत भर घातली की हवेची वस्तू पाण्यात गेली की तिचा दम जातो. टाकी फुटली त्याचं कोणाला विशेष नव्हतं, पाणी गेलं त्याचं होतं, आणि ते भरून देणं माझ्याकडे आलं. बॉयलर तपासणीच्या ऑफिसचा हेडक्लार्क सायकलच्या दोन्ही बाजूंना घागरी बांधून नगरपालिकेच्या नळावर रांगेत उभा राहिला. तेवढ्यात साहेबांची जीप गेली. साहेबांनी जीप थांबवली, घागरींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"टाकीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"फुटली साहेब. पाण्यानं."

"छान," साहेब म्हणाले, आणि जीप गेली. त्या सगळ्या प्रकरणात माझी झालेली ती एकुलती एक वाहवा.

परत येताना कुंभाराकडून पितरांसाठी मातीच्या नव्या घागरी घेतल्या. माझ्या वडिलांची, माझ्या आईची, आणि पंजाबराव ह्या वर्षी आमच्याकडे होते म्हणून त्यांच्या वडिलांची, अशा तीन. वाटेत एखादी फुटली तर असावी म्हणून चौथी घेतली. तोपर्यंत माझा कोणत्याच भांड्यावर विश्वास राहिला नव्हता.

अक्षय तृतीयेला सकाळी ललिता रांगोळीसाठी अंगण झाडत होती. टाकी तशीच आडवी पडलेली. तिच्या पोटाला चिखल चिकटला होता, तो ललिता उलथन्यानं खरवडू लागली. उलथनं आत गेलं. तिनं ते बाहेर काढलं आणि फाटलेल्या जागेपासून दूर, जिथं पत्रा धड दिसत होता तिथं टोचलं. तिथंही ते आरपार गेलं. तिनं पत्र्याचा एक तुकडा बोटांनी मोडून पाहिला. पापड मोडतो तसा तो मोडला. बाहेरून रंग, आतून नुसता गंज. हवेबरोबर आत जाऊन साचलेलं पाणी कोणी कधी तोटीतून काढलंच नव्हतं, ते वर्षानुवर्षं पोटात बसून लोखंड खात होतं.

 मग तिनं हाक मारली, "भाऊ, बाहेर ये."

पंजाबराव चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"दुकानात तू स्टूल कुठं ठेवनार होता?"

"ह्याच बाजूनं. काल होतं तसंच. काटा दिसते नं इथून."

ललितानं भिंतीपाशी पडलेलं स्टूल आणलं आणि काल होतं तिथं ठेवलं. फाट आणि स्टूल समोरासमोर आले. मध्ये हातभरही जागा नव्हती. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "हे हवेनं फुटली असती तं?"

मी साहेबांचं वाक्य सुरू केलं. हवा दबून बसते, भांडं फुटलं की ती एकदम मोकळी होते, आणि समोर जे असेल ते. एवढ्यावरच पंजाबरावांनी कप खाली ठेवला. मग ते पुढे झाले आणि त्यांनी स्टूल उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवलं, अगदी टोकाला.

मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून दुकान त्याच दिवशी उघडायचं ठरलं. 'पंजाब हवा केंद्र' ही पाटी निंबाला बांधायची आणि खाली हातपंप घेऊन बसायचं. तूर्त सायकली, ट्रकचं पुढे पाहू. पंजाबराव म्हणाले, हातानं मारलेली हवा कोणाचा जीव घेत नाही, फार तर आपला खांदा घेते.

दुपारी पूजा झाली. ललितानं पाटावर गहू पसरून तीन घागरी मांडल्या, नळावरून आणलेलं पाणी भरलं, वर आंबे आणि खरबुजं ठेवली. माझ्या वडिलांची, माझ्या आईची, तिच्या वडिलांची. चौथी घागर पाटाशेजारी कोरडीच होती. ललितानं ती उचलली, हातात धरून भावाकडे पाहिलं, आणि फडताळावर पालथी घालून ठेवली.

"हे नाई लागली," ती म्हणाली.

मग पानं मांडली. आमरसाची पहिली वाटी तिनं माझ्या पानात ठेवली. पंजाबरावांनी सवयीनं हात पुढे केला, तर म्हणाली, "थांब भाऊ. आधी त्याइले वाढू दे." आणि माझी वाटी अजून भरलेली असताना तिनं तीत आणखी एक पळी ओतली.